मून नाइटला बरं करायचं की नाही?

वाद पेटला तो बारक्याच्या एका वाक्यावरून. "मून नाइट म्हणजे आपला 'अपरिचित'च की रे. फक्त वरून चादर पांघरलेला."

पक्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. पक्याकडे जुनी मार्व्हल कॉमिक्स पत्र्याच्या ट्रंकेत आहेत आणि त्यांचा खर्च त्याच्या बायकोसमोर काढायचा नाही, हा आमच्या नौपाड्याच्या कट्ट्याचा अलिखित नियम आहे. "तुझा तो एकात अनेक माणसं असलेला पिक्चर २००५चा," तो म्हणाला. "हा १९७५चा. 'वेअरवुल्फ बाय नाइट', अंक ३२. डग मेंचने लिहिला, डॉन पर्लिनने काढला. आणि तेव्हा तो हिरोसुद्धा नव्हता. लांडगा होणाऱ्या माणसाला धरून आणायची सुपारी घेतलेला भाडोत्री गडी होता."

अण्णांना काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून पहिल्यापासून सांगणं आलं. मार्क स्पेक्टर, शिकागोच्या एका रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा मुलगा. बापाशी पटलं नाही. बॉक्सिंग, मग मरीन, मग पैसे घेऊन लढाया. इजिप्तमध्ये बुशमन नावाच्या म्होरक्याने एका पुरातत्त्वज्ञाला मारलं, मार्क आडवा गेला, तर त्यालाही वाळवंटात मरायला सोडलं. तिथे थडग्यात खोन्शू या चंद्रदेवाच्या मूर्तीपुढे त्याचं प्रेत ठेवलेलं, आणि तो उठून बसला. न्यूयॉर्कला परतल्यावर त्याने आणखी दोन नावं घेतली. स्टीव्हन ग्रँट हा कोट्यधीश, जेक लॉकली हा टॅक्सीवाला. रात्री पांढरा झगा घातला की मून नाइट.

"बरं, मग यात आजार कुठला?" हे विचारलं डॉक्टरणीने. ती डॉक्टर नाही, सरकारी मानसोपचार ओपीडीत समुपदेशक आहे, पण कट्ट्याने तिला केव्हाच पदवी देऊन टाकली आहे.

"नव्हताच," पक्या म्हणाला.

यावर बारक्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण पक्याचं खरं आहे. सुरुवातीला ही तीन नावं म्हणजे वेषांतरं होती. पैसा लागतो म्हणून स्टीव्हन, खबर लागते म्हणून जेक. जेक टॅक्सी चालवतो, जीनाच्या खानावळीत बसतो, क्रॉली नावाच्या एका फाटक्या भिकाऱ्याकडून शहरातल्या भानगडी काढून घेतो. अण्णांना हे लगेच पटलं. रिक्षावाल्याच्या पाठीमागे बसून लोक काय काय बोलतात, हे त्यांना पोस्टात असल्यापासून ठाऊक आहे म्हणे. पोस्टाचा आणि रिक्षाचा काय संबंध, ते कुणी विचारलं नाही.

१९८०मध्ये त्याला स्वतःची मालिका मिळाली, मेंचच्याच हातची, आणि चित्रं बिल सिनकेविचची. तिथे पहिल्यांदा वेषांतराला तडे जायला लागतात. मार्लीन, म्हणजे त्याच पुरातत्त्वज्ञाची मुलगी, आता त्याच्यासोबत राहते, आणि आज घरात नेमका कोण आहे याचा तिलाच वैताग येतो. मला हा भाग नंतरच्या सगळ्या मानसशास्त्रापेक्षा जास्त आवडतो. आजाराचं नाव कुणी घेत नाही, पण तीन माणसांचं आयुष्य एकट्याने ओढायचं म्हणजे काय होतं, ते बायकोसारख्या जवळच्या माणसाच्या चिडचिडीतून कळतं.

डॉक्टरणीने वर्ष पकडलं. "१९८०? त्याच वर्षी अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या पुस्तकात, डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत, बहुव्यक्तिमत्त्व हा वेगळा आजार म्हणून आला. १९९४मध्ये नाव बदलून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी केलं."

"डीआयडी?" बारक्या म्हणाला. "मिथुनदांचा?"

त्याला कोपरखळी बसली. पण डॉक्टरीण हसत नव्हती. "माझं भांडण कॉमिकशी नाही रे. माझं भांडण साच्याशी आहे. पडद्यावर एकाच्या आत दोघं दिसले, की दुसरा खुनीच. तुझ्या त्या अपरिचितमध्ये काय आहे? साधा वकील आणि आत गरुडपुराण घेऊन बसलेला मारेकरी. शेवटी बरा झाला म्हणून सोडतात, आणि तो गाडीतून माणूस फेकतो. म्हणजे आजार काय, तर खून करायचा परवाना. खरी माणसं दुसऱ्याला मारत सुटत नाहीत. जास्त धोका असतो तो त्यांच्या स्वतःच्या जिवाला."

पक्या याचीच वाट बघत होता. त्याने २०१६ची जेफ लेमीर आणि ग्रेग स्मॉलवूडची मालिका काढली. तिची सुरुवातच वेड्यांच्या इस्पितळात. मार्कला सांगितलं जातं की तू कुठला हिरो नाहीस, लहानपणापासून इथेच आहेस.

"म्हणजे ठाण्याला," बारक्या.

ही आमची जुनी अडचण आहे. अख्ख्या मुंबईत कुणी जरा वेगळं वागलं की लोक त्याला ठाण्याला पाठवायला निघतात. आम्ही ठाण्यातलेच, आम्हाला पाठवायचं कुठे?

तर लेमीरच्या त्या गोष्टीत मधले काही अंक असे आहेत की स्टीव्हनचं जग वेगळा चित्रकार काढतो, जेकचं वेगळा, आणि अवकाशात लढणारा एक मार्क आहे त्याचं तिसराच. विल्फ्रेडो टॉरेसचा स्टीव्हन स्वच्छ, उजळ, सिनेमाच्या सेटवरचा. फ्रान्सेस्को फ्रँकाव्हिलाचा जेक नारिंगी-काळ्या रात्रीतला, जुन्या गुन्हेकथेतून उठून आलेला. जेम्स स्टोकोचा अवकाशवीर रेघारेघांनी गच्च भरलेला. पान उलटलं की हात बदलतो, आणि हात बदलला की माणूस. पक्याने फोनवर पानं दाखवली. डॉक्टरणीने ती दोनदा मागेपुढे केली. नटाने आवाज बदलून जे दाखवायचं, ते इथे शाईच दाखवते, आणि हे फक्त कॉमिकला जमतं. त्या तिघांपैकी कुणीही राक्षस नाही. मार्कला त्यांच्याशी झगडायचंय ते त्यांना मारायला नव्हे, समजून घ्यायला.

मधली काही वर्षं पक्यालाही लपवावीशी वाटतात, पण बारक्या सोडतो थोडाच? २०११मध्ये ब्रायन मायकेल बेंडिसने मार्कच्या डोक्यात कॅप्टन अमेरिका, स्पायडरमॅन आणि वुल्व्हरिन आणून बसवले. "म्हणजे अ‍ॅव्हेंजर्स, पण भाडं एकाच खोलीचं," बारक्या म्हणाला, आणि याला उत्तर नव्हतं. २०१४मध्ये वॉरन एलिसने उलट टोक गाठलं. तिथे मार्कला सांगितलं जातं की तुला डीआयडी नाहीच, एका परक्या जाणिवेने तुझ्या मेंदूत घर केलंय. माझ्या मते ही पळवाट आहे. चित्रं मात्र काय सांगावीत! डेक्लन शाल्वीने त्याला पांढऱ्या सुटात उभा केला आणि जॉर्डी बेलेअरने अख्खं पान रंगवून त्याच्यापुरता कागद तसाच कोरा सोडला. अंधारात चालून येणारा न रंगवलेला माणूस.

"पडद्यावरची मालिका बघितलीय मी," डॉक्टरीण म्हणाली. २०२२ची, ऑस्कर आयझॅकची, सहा भागांची. "तिच्यातलं सुरुवातीचं घर आठवतंय? झोपताना पाय पलंगाला बांधतो, पलंगाभोवती वाळू पसरतो, दाराला चिकटपट्टी लावतो. रात्री आपण उठून गेलो तर सकाळी कळावं म्हणून. एका पंखाचा मासा असतो, तो एक दिवस दोन पंखांचा होतो. जेवायला बोलावलेली बाई फोनवर ओरडते, आणि याला वाटतंय शुक्रवार आहे, तर असतो रविवार. हे बरोबर आहे. मारामारी नाही, आवाज नाही, नुसता हरवलेला वेळ. आणि आईला रोज फोन. ती तर केव्हाच गेलेली."

"मग पटलं ना?" पक्या.

"अर्धं."

इथे अण्णांनी तोंड उघडलं. "आमच्या आत्याच्या अंगात यायचं. पौर्णिमेला."

पक्या म्हणाला, मून नाइटचंही सुरुवातीला तसंच होतं, लांडग्याच्या चाव्यामुळे चंद्र वाढेल तशी ताकद वाढायची. पण अण्णांना ताकदीत रस नव्हता. आत्याला एरवी घरात कुणी विचारत नसे. ताट शेवटी, बोलायचं तर तेही दाराआडून. पौर्णिमेला केस मोकळे सुटले, घुमायला लागली, की तिची सासू तिच्या पायावर डोकं ठेवायची. "तुझ्या सुनेला माहेरी का धाडत नाहीस गं," असं आत्याने स्वतःच्याच तोंडाने सासूला विचारलेलं अण्णांनी ऐकलंय. त्या दिवाळीला आत्या माहेरी आली.

डॉक्टरणीने मान हलवली. तिच्या ओपीडीत तीन नावांची माणसं क्वचित, पण देवी येणाऱ्या, भूत लागलेल्या बऱ्याच. डीएसएमच्या २०१३च्या पाचव्या आवृत्तीने तर डीआयडीच्या निकषातच म्हटलंय की काही समाजांत हाच अनुभव अंगात येणं म्हणून सांगितला जातो. "ती देवी आत्याचा आधार होती. झाडपाला करून उतरवायची म्हटली, तर आत्याजवळ उरलं काय असतं?"

"मग खोन्शूपण आधारच," बारक्या.

माझं गाडं इथेच अडतं, आणि मी तेच म्हणालो. आत्याच्या देवीने आत्याला माहेर दिलं. खोन्शू मार्कला काय देतो? जीव वाचवला त्याच्या बदल्यात जन्मभराची वेठ. स्टीव्हन आणि जेक मार्कची ओझी वाहतात. खोन्शू ओझं घालतो. २००६च्या चार्ली हस्टनच्या मालिकेत तर तो मार्कने मारलेल्या बुशमनचं सोललेलं तोंड लावून समोर येतो आणि त्याला रक्तपाताला चिथावतो. मग या कथेत खलनायक आजार नाही. दुखऱ्या माणसाला गाठून राबवून घेणारा तो खलनायक, मग तो देव असेना का.

आणि गंमत अशी की खरा खोन्शू, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या थीब्ज शहरातला, अमुन देव आणि मूत देवीचा मुलगा, याच्या अगदी उलट होता. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक शिळा आहे, तिच्यावर बेंत्रेश नावाच्या राजकन्येची गोष्ट कोरली आहे. तिला झपाटलेलं असतं, म्हणून दूरच्या बाख्तान देशात इजिप्तहून खोन्शूची मूर्ती पाठवतात. मूर्ती पोचल्यावर ते भूत भांडत नाही. जातो म्हणतं, पण आधी माझ्यासाठी एक उत्सव करा.

"उतारा मागितला की!" अण्णा.

उत्सव झाला, भूत गेलं, पोरगी बरी झाली. तिथला राजा मूर्ती परत द्यायला मात्र तीन वर्षांहून जास्त टाळाटाळ करत राहिला. झपाटलेल्याला सोडवणाऱ्या देवाला मार्व्हलने झपाटणारा करून टाकला.

पक्याला हे आवडलं नाही, कारण ते त्याला आधी माहीत नव्हतं. त्याने जेड मॅके आणि अलेस्सांद्रो कापुच्चिओची २०२१ची मालिका पुढे सरकवली. तिच्यात मून नाइट मुखवटा घालून डॉक्टर स्टर्मन या थेरपिस्टपुढे बसतो आणि बोलतो. "घे. तुझा पेशंट झाला."

"चांगलं आहे," डॉक्टरीण म्हणाली. "डीआयडीवर अशी एखादी गोळी नाही, बोलणंच असतं. आणि सगळ्यांना वितळवून एक केलंच पाहिजे असंही नाही. आतले सगळे एकमेकांशी बोलायला लागले, हरवलेला वेळ कमी झाला, तरी ती मोठी मजल असते."

पक्या जिंकल्याच्या थाटात उठला. तेवढ्यात तिने विचारलं, "पडद्यावरच्या मालिकेच्या अगदी शेवटी, नावं येऊन गेल्यावर, काय होतं सांग."

पक्या गप्प. बारक्याने सांगितलं. लिमोझिनमध्ये खोन्शू बसलेला, समोर पकडून आणलेला मालिकेतला खलनायक हॅरो, आणि ड्रायव्हरच्या जागेवरून वळून त्याला गोळी घालणारा कोण, तर जेक लॉकली.

"टॅक्सीत बसून लोकांचं ऐकणं हे ज्याचं काम," डॉक्टरीण म्हणाली, "त्यालाच शेवटी खुनी केला."

"तो सीन मी धरत नाही," पक्या म्हणाला.

"तू नसशील धरत. पेशंटला घेऊन येतो ना त्याचा भाऊ, त्याने नेमका तोच बघितलेला असतो."