असीरगडाचा दरवाजा बंदच ठेवावा

टेबलाभोवती बसून एकेक पात्र वठवत खेळायच्या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळाचे गेम मास्टर, म्हणजे कथा रचून ती सांगणारे सूत्रधार, होण्याचे आपण ठरवलेच असेल, तर हा खेळ आपला आहे, ही गोष्ट आधी मनात पक्की करावी. समोर बसलेल्या चार-पाच जणांना खेळाडू म्हणण्याची पद्धत असली तरी ते खरे तर श्रोते असतात, आणि कीर्तनात मध्येच उठून बुवांना आख्यान बदलायला सांगणारा श्रोता जसा शोभत नाही, तसाच ‘मी गुहेत जात नाही’ म्हणणारा खेळाडूही शोभत नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सैन्ये हलवण्याच्या जुन्या युद्धखेळांतून पुढे येऊन या खेळाने प्रत्येकाच्या हाती एकेक पात्र दिले आणि त्या पात्राने काय करावे हे ज्याचे त्याच्यावर सोपवले. पन्नास वर्षे जगभर चाललेला हा ढिलेपणा जळगावच्या गच्चीवरही चालू द्यावा, असे कोणतेही बंधन आपल्यावर नाही.

तयारी करताना कथेचा शेवट सर्वांत आधी लिहावा. मी स्वतः फारुकी सुलतानांच्या काळातला खानदेश घेऊन चाळीस पानांची वही भरली होती. थाळनेरहून निघालेले चार वीर, तापीचा पूर, सातपुड्यातली वाट आणि अखेरीस असीरगडाच्या दरवाजासमोर क्रूर किल्लेदाराशी तुंबळ युद्ध, असा चोख बेत होता. एप्रिलमधली रात्र होती, दहा वाजून गेले तरी गच्चीची फरशी पायाला चटका देत होती, आणि किल्लेदाराच्या तोंडचे दीड पानी भाषण मी नुकतेच संपवले होते. तेवढ्यात भुसावळहून येणारा आमचा खेळाडू सोन्याची थैली पुढे करून त्या किल्लेदाराला म्हणाला, “मारामारी कायले करतो भो, पैसे घे आन् दार उघड.”

आता, अकबराच्या हाती १६०१ साली असीरगड आला तो तट फोडून नव्हे. महिनोन्महिने वेढा चालला आणि शेवटी आतल्या लोकांना सोने चारून दरवाजे उघडले गेले, अशी हकीकत सांगतात. ती माझ्या वहीच्या दुसऱ्याच पानावर टिपलेली होती. परंतु बादशहाला जे साधले ते दुसऱ्या लेव्हलच्या चोराला, म्हणजे भुसावळकराच्या नवख्या पात्राला, साधू दिले, तर शेवटच्या सात पानांवरच्या युद्धाचे काय करायचे? किल्लेदार तत्काळ निर्लोभी झाला. चोराने मग त्याच्या आजारी मुलीची चौकशी केली, तेव्हा त्याला मुलगीच नसल्याचे निष्पन्न झाले, जरी तासाभरापूर्वी मीच तिचे वर्णन केले होते. आपणही पात्रांचे स्वभाव आणि त्यांचे कुटुंबीय खेळाडूंची युक्ती ऐकून घेतल्यावरच निश्चित करावेत.

इंग्रजीत या पद्धतीला ‘रेलरोडिंग’ असे हिणवतात, म्हणजे कथेला रेल्वेचे रूळ घालून देणे. हा शब्द ज्यांनी काढला त्यांनी भुसावळ जंक्शन पाहिलेले नसावे. तेथून गाडीला खंडव्याकडे वळता येते, नागपूरकडे जाता येते आणि मुंबईकडेही. आपल्या कथेला एवढी मोकळीक कशाला? एकदा मी लळिंगच्या किल्ल्याचे तळघर खोलीवार आखून ठेवले असताना मंडळी वाटेतल्या सारंगखेड्याच्या यात्रेत शिरली आणि एका पांढऱ्या घोडीच्या सौद्यावर त्यांनी तीन तास घालवले. ते तिघे हसून लोळत होते, चौथा घोडीचा आवाज काढत होता, आणि माझ्या तळघरातले सतरा सांगाडे कोणी येईना म्हणून ताटकळत उभे होते. असा प्रसंग आल्यास घोडी ताबडतोब मारून टाकावी.

फाशांच्या बाबतीत मात्र अधिक विचार करायला हवा, कारण पात्राचा डाव साधला की फसला हे फासा ठरवतो, म्हणून तो आपल्या सत्तेतला एकमेव खरा वाटेकरी आहे. या खेळाच्या संचात साधारणतः सात फासे असतात आणि त्यांतला वीस बाजूंचा फासा सर्वांत महत्त्वाचा. कथा पुढे नेणारा एकच चोरदरवाजा ठेवावा आणि तो दिसण्यासाठी या फाशावर पंधरा किंवा अधिक पडण्याची अट घालावी. वीसपैकी सहाच बाजू उपयोगाच्या असल्यामुळे प्रत्येकाला तीस टक्के संधी मिळते; चौघांनी एकेकदा फासा टाकला तर चौघेही चुकण्याची शक्यता चोवीस टक्के येते. म्हणजे दर चार रात्रींतली जवळपास एक रात्र एका भिंतीकडे पाहत काढता येते. तो दरवाजा त्यांना असाच सापडू द्यावा आणि फासा फक्त आतला पहारेकरी जागा होतो की नाही यासाठी टाकावा, असे काही अनुभवी गेम मास्टर सुचवतात. परंतु मग कथा पुढे सरकते, आणि ती पुढे सरकली की ते काहीतरी करतात.

आपल्यासमोर पुठ्ठ्याचा आडपडदा असतोच. त्यामागे फासे टाकावेत, थोडे थांबावे, भुवया उंचावाव्यात आणि मनात येईल तो आकडा सांगावा. गुरांच्या बाजारातले दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात, त्यात निदान दोन्ही हातांना आकडा कळतो. आपल्या पडद्यामागे तो एकाच हाताला कळतो, ही आपली सुधारणा. आखाजीला पत्ते कुटत बसणाऱ्यांमध्ये असला प्रयोग मात्र करू नये. तेथे पिसणाऱ्याच्या बोटांवर सगळ्यांची नजर असते आणि आपल्या वयाचा मुलाहिजा कोणी ठेवत नाही.

आपले स्वतःचे एक लाडके पात्रही या चौघांसोबत पाठवावे. माझा जहागीरदार अहिराणी, फारसी आणि पक्ष्यांची भाषा जाणत असे, कधी जखमी होत नसे आणि प्रत्येक लढाईतला अखेरचा वार त्याचाच असे. तो किल्लेदाराशी बोलू लागला म्हणजे मी दोन्ही आवाज काढीत असे, आणि अशा संवादात व्यत्यय न आणता मंडळी मोबाइल पाहत, हे त्यांचे सौजन्यच म्हटले पाहिजे.

आपल्याला कसला खेळ आवडेल, हे मोहीम सुरू करण्यापूर्वी खेळाडूंना विचारण्याची एक प्रथा आहे. ती पाळू नये; विचारले की ते सांगतात.

यथावकाश एकेक जण गळू लागेल. कोणाची भरीत पार्टी निघेल, कोणाच्या चुलतभावाची हळद निघेल, ती हळद तीन शनिवार चालेल. खचू नये; राहिलेल्यांसह असीरगडाचे युद्ध पूर्ण करावे. माझ्या शेवटच्या शनिवारी भुसावळचा खेळाडू एकटाच आला. मी वही उघडून चौतिसावे पान काढले, पडदा उभा केला आणि त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही. फासे न्यायला आलो होतो, असे म्हणाला; सातही त्याचेच होते.