मुंजीच्या अल्बमबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सरळ दिसलेले हॉलचे खांब अल्बममध्ये वाकले, कडेला उभ्या आत्या दुप्पट रुंद झाल्या, मातृभोजनाच्या फोटोत पैठणीचा रंग उडाला, आणि हे एका बटणाचं काम असताना एडिटिंगचे पैसे कशाला, असं तुम्ही लिहिलंय. अर्धे पैसे परत मागितलेत. काल रात्री सगळ्या फाइल पुन्हा उघडून बसलो.

खांबांची चूक शंभर टक्के आमची. स्क्रीनवर दिसते ती कॅमेऱ्याने स्वतः दुरुस्त केलेली जेपेग. आम्ही अल्बम करतो रॉ फाइलवरून, म्हणजे कॅमेऱ्याने दुरुस्त न केलेल्या मूळ फाइलवरून, आणि आमच्या कॅमेऱ्यातली ती दुरुस्ती रॉला लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये लेन्सच्या प्रोफाइलवर, म्हणजे त्या लेन्सचा वाकडेपणा काढणाऱ्या तयार सेटिंगवर, टिक करावी लागते. ती राहिली.

पैठणीचंही तेच, फक्त चूक जरा हुशारीची. खिडकीसमोर ८५ मिमीची लेन्स एफ १.८ वर उघडी ठेवून काढलेला तो फोटो (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). मुंडावळ्यांच्या मोत्यांना बारीक जांभळी कड आली होती. उघड्या लेन्सला भगभगीत पांढऱ्यावर ती येतेच, २.८ किंवा ४ वर कमी होते. आमच्या मुलाने ती घालवायला स्लायडर पूर्ण ओढला. सॉफ्टवेअरला काय कळणार कुठली कड लेन्सची आणि कुठली पैठणीची! जरीलगतचा जांभळा रंग राखाडी झाला. हे काम ब्रशने फक्त मोत्यांपुरतं करायचं असतं. मी तपासायला हवं होतं.

आत्यांचं मात्र लेन्सच्या माथी मारता येणार नाही. दादरचा तो हॉल तुम्हाला माहीत आहे. माझी पाठ भिंतीला लागली होती, समोर ३५ माणसं एका ओळीत, म्हणून १६ मिमी, म्हणजे खूप रुंद दृश्य मावणारी वाइड लेन्स लावली. इतक्या वाइड लेन्समध्ये कडेचा माणूस ताणला जातो, लेन्स कितीही महाग असो. आणि प्रोफाइल लावून खांब सरळ केले की कोपरे आणखी बाहेर ओढले जातात, म्हणजे आत्या अजून रुंद. तीन ओळी करा म्हणून मी दोनदा ओरडलो, पण पंगत मांडली होती, कोणी ऐकेना. (ऐकलं असतं तर मी ३५ मिमीवर काढला असता.) ताण कमी करणारं वेगळं टूल असतं, पण त्याने खांब थोडे परत वाकतात. खांब की आत्या, एवढाच प्रश्न आहे. माझं मत आत्यांच्या बाजूने. दोन्ही प्रती काढून ठेवतो, तुम्ही निवडा.

आता पैशांचं. खराब झालेली चार पानं नव्याने प्रिंट करून अल्बम पुन्हा बांधून देऊ, त्याचा एक रुपया घेणार नाही. अर्धे पैसे परत देणार नाही, कारण बाकीच्या फोटोंबद्दल तुमचीही तक्रार नाही. एडिटिंग म्हणजे एक बटण नाही, हे तर आमच्याच चुकांवरून दिसलं.

सोमवार सोडून कधीही या. त्याआधी पैठणीच्या काठाचा एक फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता, व्हॉट्सॲपवर पाठवा. जांभळा नेमका कुठला ते मला आठवणीवर सोडायचं नाही.