‘दुसरा भाग सोडा’ म्हणणाऱ्यांना

हॅरी पॉटरच्या दुसऱ्या पुस्तकाबद्दलचा एक लांबलचक मेसेज सध्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतोय. पणजीहून मडगाव, मडगावाहून फोंडा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हा भाग पहिल्याची नक्कल आहे आणि यशानंतर पैशांसाठी घाईत लिहिलाय. तो गाळून मुलांना सरळ तिसरा द्या, काही अडत नाही. सापांशी बोलणारा नायक वाईट संस्कार करतो. सगळा घोळ होतो तो एका मूर्ख मुलीने परक्या डायरीवर विश्वास ठेवल्यामुळे. आणि अगदीच हवं असेल तर सिनेमा दाखवा.

फोंड्याला माझ्या बहिणीने तो वाचला आणि लेकीकडून पुस्तक काढून घेतलं. भाची सहावीत आहे, गणेशचतुर्थीच्या सुट्टीत वाचायचं म्हणून तिने ते राखून ठेवलं होतं. “ताई, इतकी माणसं सांगतात म्हणजे काहीतरी असेलच ना गे?” असं बहीण मलाच विचारते. पुढे पाठवणारी माणसं खूप आहेत हे मला दिसतंय. त्यांतल्या कोणी पुस्तक उघडलं असेल असं मात्र मेसेज वाचून वाटत नाही.

पैशांचं आधी संपवते. पहिलं पुस्तक ब्रिटनमध्ये २६ जून १९९७ ला आलं, पुठ्ठा बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती. दुसरं आलं २ जुलै १९९८ ला. अमेरिकेत पहिलं पुस्तक पोचलं त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, म्हणजे दुसरं ब्रिटनमध्ये बाहेर पडल्यानंतर. जगभरचं वेड अजून सुरूच व्हायचं होतं.

नक्कल हा आरोप अर्धा खरा आहे, आणि तो मान्य करताना मला जड जातं. मावशीकडचा छळ, शाळेत पोचण्यातली विघ्नं, हॅलोविनच्या रात्रीची घटना, वर्षाअखेर शाळेखालच्या भुयारात सामना: साचा तोच आहे. शेवटी संकटात पक्षी येतो, टोपीतून तलवार निघते, तेही मला फार सोयीचं वाटतं. लॉकहार्ट या शिक्षकाची बढाई चारदा ऐकल्यावर पुरे होते. डॉबी हा गुलाम आहे, तरी त्याच्या स्वतःला मारून घेण्यावर आपल्याला हसायला लावलंय. हे मला पहिल्या वाचनातही खुपलं होतं, अजून खुपतं.

पण म्हणून “गाळा”? सहावं पुस्तक काढा. त्यात शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर हॅरीला सांगतो की खलनायक व्होल्डेमॉर्टने स्वतःच्या आत्म्याचे तुकडे करून वस्तूंत लपवले, आणि याचा पहिला पुरावा त्याला मिळाला तो दुसऱ्या पुस्तकातली डायरी. शेवटची दोन पुस्तकं या एका गोष्टीवर उभी आहेत. सातव्यात हॅरीचे मित्र रॉन आणि हर्मायनी बॅसिलिस्क या महासापाचा दात आणायला त्याच भुयारात परत उतरतात. तलवारीने त्या सापाचं विष शोषलेलं असतं म्हणूनच ती पुढे कामी येते. सहाव्यात ज्या कपाटातून शत्रू शाळेत घुसतात, ते दुसऱ्यात पीव्हज हे शाळेतलं खोडकर भूत फोडतं. रूप बदलण्याचा काढा इथे पहिल्यांदा शिजतो आणि चौथ्याचं सगळं रहस्य त्यावर आहे. तिसऱ्याच्या नावातच असलेल्या अझ्काबान या तुरुंगाचं नावही आपण इथेच पहिल्यांदा ऐकतो, आणि मेसेज म्हणतो थेट तिसऱ्यावर जा!

आता जिनी, म्हणजे मेसेजमधली ती ‘मूर्ख मुलगी’. मला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्याचा आला.

जिनी ११ वर्षांची आहे, माझ्या भाचीएवढी. शाळेचं पहिलं वर्ष, घरापासून लांब. ती डायरी तिने कुठून उचलून आणलेली नाही. ल्युशियस मॅलफॉय या मोठ्या, प्रतिष्ठित माणसाने पुस्तकांच्या दुकानात तिच्या जुन्या पुस्तकांत ती सरकवली. डायरीतला टॉम रिडल, म्हणजे तरुणपणीचा व्होल्डेमॉर्टच, महिनोन्‌महिने तिचं सगळं ऐकून घेतो, गोड बोलतो, आणि हळूहळू तिचा ताबा घेतो. भान आल्यावर ती डायरी फेकून देते. ती हॅरीच्या हातात पडलेली पाहून घाबरते आणि चोरून परत आणते. एका सकाळी न्याहारीला ती हॅरी आणि रॉनला सगळं सांगायला येऊन बसते. तोंड उघडणार, इतक्यात थोरला भाऊ पर्सी येतो, तिची जागा मागतो, आणि ती उठून जाते. त्याला वाटतं ती त्याचंच गुपित फोडायला आली होती. मुलगी सांगायला आली होती, मोठ्यांना आपलंच पडलं होतं. हे पान वाचलेला कोणी तिला मूर्ख म्हणणार नाही.

शेवटी डंबलडोरही तेच म्हणतो: तिच्याहून वयाने आणि अकलेने मोठे जादूगार याच माणसाला फसलेत. शिक्षा नाही, विश्रांती आणि गरम चॉकलेट. आपल्या मुलामुलींच्या फोनवर अनोळखी माणसं अशीच गोड बोलत येतात. तेव्हा घाबरलेल्या मुलीने आईकडे यायला हवं असेल तर “मूर्ख मुलगी” हा शब्द घरात आधी ऐकू येऊन चालणार नाही. तोच शब्द आपण हसतमुखाने पुढे पाठवतोय.

लेखिकेवरही माझा एक आक्षेप आहे. जिनीचं ते वर्ष आपल्याला कळतं ते बव्हंशी रिडलच्या तोंडून, तिचा छळ करणाऱ्याच्या तोंडून. तिचं स्वतःचं बोलणं रडण्यात संपतं. पाचव्या पुस्तकात हॅरीला आपल्यात व्होल्डेमॉर्ट शिरल्याची भीती वाटते, तेव्हा जिनी त्याला सुनावते की ताबा घेतला गेलेली मी एकटीच तुझ्या ओळखीची आहे. तो कबूल करतो की आपण विसरलोच होतो. तिला वाचवणाराच विसरला! ही भरपाई २००३ मध्ये आली. दुसऱ्या पुस्तकातच यायला हवी होती.

सापांचा मुद्दा गोव्यात बसून कोणी पुढे पाठवावा? इथे सांतेरी देवीला रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या रूपात पुजतात, बांदोड्याला नागेशाचं देऊळ आहे. पुस्तकातला भला मोठा साप खलनायक आहे हे खरं, आणि तो एकसुरीपणा मलाही आवडत नाही. पण हॅरी सापाला एका मुलापासून लांब हो म्हणून सांगतो, आणि ऐकणाऱ्यांना वाटतं त्याने अंगावर सोडला. मग शाळाभर अफवा. वाईट संस्कार यातला कुठला?

राहिला सिनेमा. तो २००२ चा आहे, मजेशीर आहे. पीव्हज त्या सिनेमांत कुठेच नाही, त्यामुळे त्याने ते कपाट फोडण्याचा प्रसंगही नाही. सिनेमा पाहून तिसऱ्या पुस्तकाला हात घातलेल्या मुलाला सहाव्यात ते कपाट लागलं की दुसरं शोधायला मागे यावंच लागणार.