जिथे नोंदच नाही, तिथे कमाल कसली?

काल रात्री जिल्ह्याच्या पावसाचा साप्ताहिक तक्ता करताना एका महसूल मंडळासमोर कमाल पाऊस ‘उणे अनंत’ असा उमटला, आणि तेथील पर्जन्यमापक आठवडाभर बंद होता एवढे साधे सत्य सांगणे आर या खास सांख्यिकीसाठी घडवलेल्या संगणकीय भाषेला जमू नये, याचा माझा संताप अजून उतरलेला नाही. रिकाम्या नोंदी वगळ असे तिला सांगितले होते. तिने त्या वगळल्या, हाती काहीच उरले नाही, आणि त्या ‘काहीच नाही’ची कमाल म्हणून तिने उणे अनंत दिले. एक इशारा छापला खरा, पण सगळ्या मंडळांच्या गटवार हिशेबात तो केव्हाच वर सरकून गेला, आणि पुढे काढलेली जिल्ह्याची सरासरीही उणे अनंतच आली!

गणिताची मंडळी यावर लगेच समजावतात की रिकाम्या संचाची कमाल उणे अनंत मानली, म्हणजे दोन संचांच्या कमालींवरून त्यांच्या संयोगाची कमाल विनाअपवाद काढता येते. हे मला पूर्ण मान्य आहे. पण पाऊस मोजणाऱ्याला त्या संयोगाशी काय देणेघेणे? त्याला ‘माहीत नाही’ हे उत्तर हवे असते, आणि त्यासाठी याच भाषेत एनए हे चिन्ह आहे. ते अशा वेळीही वापरायचे नसेल, तर ठेवले कशासाठी? पायथन या दुसऱ्या संगणकीय भाषेतले पांडाज हे साधन नेमक्या याच प्रसंगी नॅन, म्हणजे ‘आकडाच नाही’ हे चिन्ह देते, म्हणजे हे अशक्य मुळीच नाही. एक्सेल तर सर्वांत घातक: रिकाम्या रकान्यांची कमाल विचारली की ते मुकाट्याने 0 देते, आणि बिघडलेले यंत्र कोरडा आठवडा म्हणून दुष्काळाच्या हिशेबात जाऊन बसते. उणे अनंत निदान डोळ्यांना खुपते. 0 कोणाला खुपणार?

एकवाक्यता म्हणावी तर तीही नाही. सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरांपैकी तुलना करताना स्टाटा रिकाम्या नोंदीला प्रत्येक आकड्याहून मोठी मानते, तर सॅस सर्वांत लहान. पोस्टग्रेस या डेटाबेसमधले सर्वांत मोठी किंमत काढणारे ग्रेटेस्ट हे फंक्शन नल, म्हणजे रिकामी किंमत, सोडून देते आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमधले त्याच नावाचे फंक्शन एका नलपायी सगळेच उत्तर नल करते. पायथनच्या कमाल काढणाऱ्या मूळ मॅक्स फंक्शनमध्ये नॅन यादीत पहिला आला तर उत्तर नॅन, नंतर आला तर आकडा. क्रम बदलल्याने कमाल बदलते, हे खपवून कसे घ्यायचे? संगणकातल्या दशांश आकडेमोडीचे नियम ठरवणाऱ्या खुद्द आयट्रिपलई 754 या मानकाला 2008 मध्ये ठरवलेल्या किमान-कमाल क्रिया 2019 मध्ये काढून नव्या आणाव्या लागल्या.

आणि आरचे ते दुसरे दुखणे! रिकाम्या नोंदी वगळण्याची सूचना नावानिशी न देता नुसते ‘ट्रू’ (होय) लिहिले, तर आरचे मॅक्स त्यालाही 1 हा आकडा समजून माहितीत मिसळते, आणि सगळी तापमाने शून्याखालची असली तरी कमाल 1 अंश सांगते. तेथे तर इशाराही छापला जात नाही.