पॉवरलाइन अडॅप्टरचं कनेक्शन तुटतंय म्हणून भिंती फोडू नका

पॉवरलाइन अडॅप्टर म्हणजे राउटरचं इंटरनेट विजेच्या तारांतूनच दुसऱ्या खोलीत नेणारी, सॉकेटमध्ये लावायची जोडी. इंदूरच्या मराठी घरांत, रामबागेपासून सुदामानगरपर्यंत, हा सल्ला पुढे ढकलला जातोय: ‘पॉवरलाइन अडॅप्टरचं कनेक्शन सारखं तुटतं म्हणजे वायरिंग जुनं झालंय. वायरिंग नवं करा, अडॅप्टर स्पाइक गार्डवर लावा, अर्थिंग घ्या, आणि जमलं तर १००० एमबीपीएसचा मॉडेल आणा.’ यातलं अर्थिंग जरूर घ्या, पण ते शॉकपासून वाचण्यासाठी. कनेक्शनचं दुखणं दुसरीकडे आहे.

‘वायरिंग जुनं आहे.’ तार जुनी झाली म्हणून सिग्नल अडत नाही. अडॅप्टर २३० व्होल्टच्या लाइनवर साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झचा सिग्नल चढवतो, एव्ही२ या नव्या प्रकारात ८६ पर्यंत. त्याला मारतात सैल जोड, फिल्टर आणि घरातल्या उपकरणांचा विद्युत गोंगाट. सैल जोड जुन्या घरात जास्त सापडतात हे खरं. पंख्याचं बटण दाबताच लिंक जात असेल किंवा बोर्ड कोमट लागत असेल, तर वायरमनकडून तेवढे स्क्रू कसून घ्या. तिथे आगीचाही धोका असतो. पण एवढ्यासाठी घरभर पट्ट्या उखडायची गरज नाही.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. अडॅप्टरला जोडलेल्या कॉम्प्युटरवर दोन खिडक्यांत पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणारी कमांड) चालू ठेवा: एक राउटरच्या पत्त्यावर (तो राउटरच्या लेबलवर असतो), दुसरा ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरवर. राउटर उत्तर देतोय आणि दुसरं थांबलं, तर दोष राउटरच्या पुढचा, म्हणजे बहुधा इंटरनेट कंपनीचा. अडॅप्टरला हात लावू नका. दोन्ही थांबले तर अडॅप्टरचे दिवे बघा. पॉवरलाइनचा दिवा चालू आणि इथरनेटचा बंद असेल तर लॅन केबल बदला, बहुतेकदा तिची क्लिप तुटलेली असते. सगळेच दिवे विझत असतील तर सॉकेट ढिलं आहे. युरोपी प्लगच्या अडॅप्टरची पिन ४ किंवा ४.८ मिलिमीटरची असते, आपल्या ६ अँपियरच्या सॉकेटला सुमारे ५ मिलिमीटरची लागते. अडॅप्टर स्वतःच्या वजनाने झुकतो आणि संपर्क सुटतो.

मग दोन्ही अडॅप्टर एकाच बोर्डावर शेजारी लावा. तिथेही तुटलं तर अडॅप्टर खराब. टिकलं, तर मूळ जागी लावून त्या दोघांची लाइन सोडून बाकीचे एमसीबी पाडा आणि एकेक चढवत जा. ज्यावर पिंग अडखळेल त्या लाइनवरची उपकरणं एकेक करून तपासा. बहुधा स्वस्त मोबाइल चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा इंडक्शन सापडतं.

‘स्पाइक गार्डवर लावा.’ हा सर्वांत घातक सल्ला. स्पाइक गार्डमधला फिल्टर आणि व्हॅरिस्टर (व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) हे वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नलच गिळतात. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये हवा. फिल्टरवाला स्पाइक गार्ड लावायचाच तर गोंगाट करणाऱ्या उपकरणाला लावा, म्हणजे त्याचा गोंगाट लाइनवर येणार नाही.

सल्ल्यात ज्याचा उल्लेखच नाही ते आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे इन्व्हर्टर. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर, दुसरा अडॅप्टर एसीच्या थेट लाइनवर, अशी मांडणी घरोघरी दिसते. मधला इन्व्हर्टर सिग्नल कमजोर करतो; लाइट गेली की दुसऱ्या अडॅप्टरची वीजच जाते. दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरच्याच लाइनवर घ्या. लाइट गेल्यावरच तुटत असेल आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर त्याचा गोंगाट हे कारण धरा. बंगल्यात थ्री फेज असेल तर दोन्ही खोल्या एकाच फेजवर आहेत का, ते वायरमनला डीबीत (एमसीबींच्या पेटीत) बघायला सांगा. वेगवेगळ्या फेजवर लिंक लागते, पण जेमतेम. लाइन हलवायची तर मेन बंद करून, आणि फेजवरचा लोड बघून.

‘अर्थिंगशिवाय चालत नाही.’ दोन पिनांचा अडॅप्टर फेज आणि न्यूट्रलवरच चालतो. तीन पिनांचे काही एव्ही२ मॉडेल अर्थची तारही वापरतात. ती नसली तर वेग घटतो, लिंक राहते.

‘१००० एमबीपीएसचा घ्या.’ हा आकडा लाइनवरच्या कच्च्या वेगाचा. हातात येतो त्याच्या निम्म्याहूनही कमी. ५००-६०० लिहिलेल्या बऱ्याच अडॅप्टरचा पोर्टच १०० एमबीपीएसचा असतो. शिवाय वरच्या फ्रिक्वेन्सी लांब तारेत लवकर विरतात, म्हणून तुटणं या खर्चाने थांबत नाही.

दोन किरकोळ गोष्टी. जोडलेला टीव्ही किंवा कॉम्प्युटर बंद राहिला की काही मिनिटांनी अनेक अडॅप्टर झोपतात आणि जागे व्हायला काही सेकंद घेतात. हा बिघाड नाही, सॉफ्टवेअरमधून पॉवर सेव्हिंग बंद करता येतं. आणि बहुतेक मॉडेल ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात दुपारी तुटत असेल तर अडॅप्टर फ्रीजच्या मागून किंवा स्टॅबिलायझरजवळून हलवा.

हे सगळं करूनही टिकत नसेल, तर भिंतीच्या बाहेरून पाइपातून कॅट-६ ही नेटवर्कची केबल ओढून घ्या. नव्या वायरिंगच्या खर्चाच्या मानाने ती फारच स्वस्त पडते.