लॉस एंजेलिसचे ११२ टक्के मतदार आणि ग्रीन कार्डवाल्यांना दिलेला घातक सल्ला

कॅलिफोर्नियाबद्दलचा तो जुना मेसेज परवा मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात म्हटलंय की तिथल्या ११ काउंट्यांत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) सज्ञान नागरिकांपेक्षा यादीतले मतदार जास्त आहेत, लॉस एंजेलिसला ११२ टक्के, सॅन डिएगोला १३८. म्हणजे वरचे सगळे बोगस, आणि ग्रीन कार्डवालेही, म्हणजे कायम राहायची परवानगी असलेले पण नागरिक नसलेले, सर्रास मत टाकतात. त्यावर कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या माझ्या मावसभावाला एका नातेवाइकाचा सल्ला: ‘मग तूही टाक की!’ म्हणून हे लिहितोय.

आधी ११२ टक्के. हे आकडे २०१७ साली ज्युडिशियल वॉच या अमेरिकी संस्थेने मांडले. त्यात ‘इनॅक्टिव्ह’ नावंही धरली होती, म्हणजे बहुतेक पत्ता सोडून गेलेले लोक. त्यांना मतपत्रिका पाठवलीच जात नाही. पण १९९३ च्या केंद्रीय कायद्यानुसार, अशा माणसाला नोटीस पाठवून उत्तर आलं नाही, तर पुढच्या दोन सार्वत्रिक निवडणुका जाईपर्यंत नाव कापता येत नाही. यादी फुगणारच. आणि भागाकारातला खालचा, सज्ञान नागरिकांचा आकडा? तो जनगणनेचा नाही, २०१० च्या जनगणनेत नागरिकत्व विचारलेलंच नव्हतं. तो जनगणना खात्याच्या नमुना पाहणीचा, पाच वर्षांचा मिळून काढलेला अंदाज. बोगस मतं शोधायची तर पडलेली मतं मोजा ना! २०२० मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे ४३ लाख मतं पडली. सज्ञान नागरिक ६० लाखांच्या वर. कुठे आहेत ११२ टक्के?

याद्या साफ नव्हत्या, एवढं मात्र मान्य करावं लागेल. ज्युडिशियल वॉचच्या दाव्यात २०१९ साली झालेल्या तडजोडीत लॉस एंजेलिस काउंटीला १५ लाखांपर्यंत इनॅक्टिव्ह नावांना नोटिसा पाठवायचं कबूल करावं लागलं.

आकडे पाहून कुणी विचारेल, ‘प्रौढ इतके आणि नागरिक इतके कमी कसे?’ हा प्रश्न तर मराठी घरांनी विचारूच नये. सनीव्हेल ज्यात येतं त्या सांता क्लारा काउंटीत आपलीच मुलं व्हिसावर राहतात, ती प्रौढ आहेत पण नागरिक नाहीत. इम्पीरियल काउंटी मेक्सिकोच्या सीमेवर आहे. उलट लॅसन काउंटीत राज्याचा तुरुंग आहे. तिथले कैदी सज्ञान नागरिकांत मोजले जातात, पण शिक्षा भोगत असेपर्यंत त्यांना मत नाही. म्हणजे सज्ञान नागरिक आणि पात्र मतदार हे आकडेही एक नाहीत.

आता तो सल्ला. नागरिक नसताना केंद्रीय निवडणुकीत मत टाकणं हा तिथे गुन्हा आहे, त्यासाठी देशाबाहेर काढू शकतात. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात स्पष्ट विचारतात, कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंत का, कधी मत टाकलंत का. दहा-दहा वर्षं रांगेत काढलेल्या मुलाचं सगळं एका मतापायी जाईल. शिवाय २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीच्या, म्हणजे गाडीचं लायसन्स देणाऱ्या खात्याच्या, चुकीने अपात्र अशा सुमारे १,५०० जणांची नावं मतदार म्हणून नोंदली गेली, त्यांत नागरिक नसलेलेही होते. तेव्हा लायसन्सचा फॉर्म भरताना नागरिकत्वाचा प्रश्न नीट वाचा, आणि न मागता मतदार नोंदणीचं पत्र घरी आलंच, तर मत टाकू नका. आधी वकिलाला दाखवा, नाव लेखी रद्द करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.