मेलेल्या माणसाला व्हेंटिलेटर जिवंत ठेवू शकत नाही

पावसाळ्यात मुंबईत डेंग्यू-लेप्टोचे पेशंट वाढले की व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज पुन्हा फिरतो: 'व्हेंटिलेटर लावला म्हणजे माणूस गेलेलाच असतो, बिलासाठी ठेवतात. मानेतून नळी थेट हृदयात घालतात. हात बांधतात. तिथून कुणी परत येत नाही. सही करू नका.' मी आयसीयूत नर्स आहे. व्हेंटिलेटरच्या संमतीच्या सहीसाठी घुटमळण्यात वेळ जातो आणि तेवढा वेळ पेशंट धापा टाकत राहतो, म्हणून लिहिते आहे.

व्हेंटिलेटर दाबाने फुप्फुसात हवा ढकलतो, बस्स. हृदय चालवणं त्याला जमत नाही. हृदय थांबलं तर छाती वरखाली होत राहील, पण नाडी लागणार नाही, मॉनिटरवरची रेघ सपाट होईल, काही तासांत अंग गार पडून ताठरेल. हे लपत नाही. गोंधळ होतो तो ब्रेन डेडमुळे: मेंदू कायमचा बंद, पण मशीनच्या ऑक्सिजनवर हृदय काही काळ चालू. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात ब्रेन डेड ठरवण्यासाठी चार डॉक्टरांचं पॅनेल आहे, तपासण्या दोनदा होतात.

मानेतली नळी म्हणजे सेंट्रल लाइन. तिचं टोक हृदयाच्या जरा वर, मोठ्या शिरेत थांबतं आणि ते एक्स-रेवर पाहून घेतात. हाताला सलाइन आहे ना, मग ही कशाला? बीपी टिकवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन हातावरच्या बारीक शिरेतून बाहेर झिरपलं तर तिथली कातडी काळी पडून मरते. मोठ्या शिरेतल्या जोरदार रक्तात ते लगेच पातळ होतं. या लाइनमधून जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे मात्र खरं. म्हणून गरज संपली की ती लगेच काढायची असते. मनगटातली लाइन वेगळी, ती धमनीत असते. तिच्यातून औषध देत नाहीत. सतत बीपी दिसतं आणि एबीजीसाठी, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजायच्या तपासणीसाठी, रक्त घेता येतं. त्या रिपोर्टवरून व्हेंटिलेटरचं सेटिंग बदलतात.

हात बांधण्याचं नातेवाइकांना सगळ्यात जास्त लागतं. श्वासनलिकेतली ट्यूब स्वरतंतूंमधून जाते, त्यामुळे बोलता येत नाही आणि गुंगी उतरू लागली की हात आधी तिच्याकडेच जातो. ती उपसली गेली तर जिवावर बेततं. म्हणून मऊ पट्टी, तीही गरजेपुरती. पूर्ण शुद्धीत असलेल्याला आम्ही कागद-पेन देतो. वाकड्यातिकड्या अक्षरांत बहुधा 'पाणी' उमटतं.

परत येतात, अनेक जण येतात. तब्येत सावरू लागली की गुंगी कमी करून, मशीनचा आधार उतरवून अर्धा ते दोन तास पेशंटला स्वतः श्वास घ्यायला लावतात. जमलं आणि खोकला नीट असला की ट्यूब निघते. काही जण वाचत नाहीत, कारण मुळात आजारच तेवढा मोठा असतो. पण नुसता श्वास देऊनही जीव वाचतात: १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओच्या साथीत मेडिकलचे विद्यार्थी पाळीपाळीने हाताने फुगा दाबून मुलांना श्वास देत होते आणि त्यामुळे मृत्यू झपाट्याने घटले.

बिलाची शंका रास्त आहे, तपशीलवार बिल जरूर मागा. पण केईएम, सायन, नायरसारख्या पालिकेच्या हॉस्पिटलांतही हेच व्हेंटिलेटर आणि ह्याच लाइन वापरतात. डॉक्टरांना रोज विचारा: मशीनमधून दिल्या जाणाऱ्या हवेत आज ऑक्सिजन किती टक्के आहे, काल किती होता? (बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरचा आकडा वेगळा.) साध्या हवेत तो २१ टक्के असतो. आकडा त्या दिशेने उतरत असेल तर फुप्फुसं सावरत आहेत.